जनसंगीताचे विद्यापीठीय शिक्षण

जॅझ, रॉक, पॉप, सोल, हिपहॉप इ. प्रकारांतील गायन, वादन व गीतरचना यांचे पदवी वा तत्सम पातळीवर दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण. ‘जनसंगीत’ ही संज्ञा येथे ध्वनिमुद्रिका, नभोवाणी, चित्रपट, दूरचित्रवाणी व अलीकडे महाजाल यांच्या आधारे वाढलेल्या, मुख्यतः व्यावसायिक व बहुजनाभिमुख अशा संगीतास उद्देशून योजिली आहे. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी संगीताच्या आदिम, लोक, धर्म, कला व जन अशा कोटी कल्पिल्या. त्यांपैकी ‘जन’ ही कोटी येथे अभिप्रेत आहे. जनसंगीताचा समाजशास्त्रीय वा संगीतशास्त्रीय अभ्यास ही एक गोष्ट आणि ते प्रत्यक्ष गाण्यावाजवण्याचे शिक्षण ही दुसरी. दोहोंची गल्लत अनेकदा केली जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसरीचा विचार केला आहे.

पूर्वापार शिक्षणरीत : विद्यापीठांनी हाती घेतलेल्या बहुतेक विद्यांना आधीपासून एखादा लेखी आधार होता. वैद्यकाला ग्रंथ होते, विधीला संहिता होत्या, यूरोपीय कलासंगीताला स्वरलिपीत लिहिलेल्या रचना होत्या. जनसंगीताला मात्र असा आधार नव्हता. त्याचा मूळ ग्रंथ म्हणजे ध्वनिमुद्रिका. नवशिका वादक तबकडी लावतो, चार स्वर ऐकतो, सुई उचलून मागे ठेवतो, तेच चार स्वर पुन्हा ऐकतो आणि ते बोटांना सापडेपर्यंत हा उद्योग चालू ठेवतो. तबकडीच्या जागी पुढे ध्वनिफीत आली, नंतर संगणक आला. रीत तीच राहिली. काही काळाने दोन-चार समवयस्क मित्र जमतात, एकमेकांचे हात पाहून शिकतात, चुका करतात आणि एकत्र वाजवता वाजवता स्वतःची गाणी रचू लागतात. गुरू नाही, अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. परीक्षा असलीच तर ती श्रोत्यांपुढे.

ही रीत दीर्घकाळ अभ्यासकांच्या दृष्टीस पडली नव्हती. एच्. स्टिथ बेनेट यांच्या रॉक वादकांविषयीच्या १९८० मधील ग्रंथाने तिचे पहिले तपशीलवार वर्णन केले. लंडन येथील शिक्षणशास्त्रज्ञ लूसी ग्रीन यांनी १५ ते ५० वर्षे वयाच्या १४ वादक-गायकांच्या मुलाखती घेऊन २००१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. स्वतःला आवडलेले संगीत निवडणे, ते ऐकून उचलणे, मित्रांच्या सोबतीने शिकणे, सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम न पाळता गरज पडेल ते आधी शिकणे आणि ऐकणे, वाजवणे, उपज करणे व रचणे यांत भेद न करणे, ही या शिक्षणाची लक्षणे त्यांना आढळली. त्यांचे आणखी एक निरीक्षण विशेष बोलके आहे : हेच वादक पुढे पोटापाण्यासाठी शिकवण्या करू लागले, तेव्हा त्यांपैकी अनेकांनी आपण स्वतः ज्या रीतीने शिकलो ती बाजूस ठेवली आणि पुस्तके, सराव-पाठ व श्रेणी-परीक्षा यांचाच मार्ग धरला. शिकवणे म्हणजे असेच काही असते, ही समजूत इतकी पक्की असते. जी विद्या शिक्षकावाचून आली, ती शिक्षकाच्या हाती गेल्यावर तीच राहते काय, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. पुढील इतिहासाकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयास हवे.

अमेरिकेतील प्रारंभ : दक्षिण अमेरिकी संस्थानांतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत १९३० च्या दशकातच विद्यार्थ्यांचे नृत्यवाद्यवृंद नावारूपास आले होते. अलाबामा राज्याच्या माँटगॉमरी येथील शिक्षक-महाविद्यालयाच्या ‘बामा स्टेट कलीजन्स’ या वृंदाने महामंदीच्या काळात दौरे काढून आपल्या महाविद्यालयास निधी मिळवून दिला. पुढे न्यूयॉर्कमध्ये गाजलेला ट्रम्पेटवादक अर्स्किन हॉकिन्स (१९१४–९३) हा याच वृंदातला. तथापि हे वादन अभ्यासक्रमाबाहेरचे होते. महाविद्यालय त्याच्या मिळकतीवर चाले, परंतु त्यासाठी पदवी देत नसे.

जॅझ वादनाचा पहिला पदवी-अभ्यासक्रम म्हणून सामान्यतः टेक्सस राज्यातील डेंटन येथील महाविद्यालयाचा (आताचे नॉर्थ टेक्सस विद्यापीठ) उल्लेख केला जातो. जीन हॉल (१९१३–९३) यांच्या पुढाकाराने तो १९४७ मध्ये सुरू झाला. ‘जॅझ’ हा शब्द तेव्हा शिष्टसंमत नसल्यामुळे विषयाचे नाव ‘नृत्यवाद्यवृंद’ असे ठेवण्यात आले होते. येथील वृंदांना त्यांच्या तालमीच्या वेळेवरून नावे पडली आणि दुपारी एक वाजता तालीम करणारा ‘वन ओक्लॉक लॅब बँड’ लिअन ब्रीडन यांच्या दिग्दर्शनाखाली (१९५९–८१) जगभर ख्याती पावला. येथे एक विसंगती नमूद करणे अवश्य आहे. कृष्णवर्णीयांनी निर्माण केलेल्या संगीताची ही पदवी ज्या महाविद्यालयाने दिली, तेथे १९४७ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. पदवीपूर्व वर्गांची दारे त्यांना न्यायालयीन लढ्यानंतर १९५६ मध्ये उघडली. जनसंगीताला विद्यापीठात मिळालेली प्रतिष्ठा आणि ते घडवणाऱ्या माणसांना मिळालेला प्रवेश, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या नाहीत.

बॉस्टन येथे लॉरेन्स बर्क (१९०८–९५) या अभियंत्याने १९४५ मध्ये ‘शिलिंगर हाउस’ ही संस्था काढली. जोसेफ शिलिंगर (१८९५–१९४३) यांनी संगीतरचनेची एक गणिती पद्धती बसवली होती आणि जॉर्ज गर्श्विनसारखा रचनाकार त्यांच्याकडे शिकला होता. बर्क हेही त्यांचेच शिष्य. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्यान्वये शिक्षणासाठी सरकारी साहाय्य मिळत असल्यामुळे आरंभीच्या वर्गांना विद्यार्थ्यांची वाण पडली नाही. बर्क यांनी आपला पुत्र ली याच्या नावावरून १९५४ मध्ये संस्थेचे नाव ‘बर्कली’ असे केले. तिने पहिल्या पदव्या १९६६ मध्ये दिल्या आणि १९७० पासून ती बर्कली संगीत महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. जपानमधून १९५६ मध्ये आलेली पियानोवादक तोशिको आकियोशी, व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन हे तिचे नामवंत विद्यार्थी. बर्टन पुढे अनेक वर्षे तेथेच अध्यापक व प्रशासक होते. परंतु सर्वांत प्रसिद्ध उदाहरण क्विन्सी जोन्स (१९३३–२०२४) यांचे. ते १९५१ मध्ये शिष्यवृत्तीवर येथे आले आणि लायनल हँप्टनच्या वृंदातून बोलावणे येताच अभ्यास अर्धवट टाकून दौऱ्यावर निघून गेले. वैद्यकाचा विद्यार्थी अभ्यास सोडून गेला तर ते अपयश समजले जाते. येथे मात्र चांगल्या वृंदाचे बोलावणे येऊन पदवीवाचून निघून जाणे हेच पुष्कळदा यशाचे गमक ठरले. या विसंगतीतून ही महाविद्यालये अद्यापि सुटलेली नाहीत.

मॅसॅचूसेट्समधील लेनॉक्स येथे १९५७ ते १९६० या काळात उन्हाळ्यात भरणारी जॅझ-शाळा अल्पायुषी ठरली, तरी नामांकित वादकांनीच शिकवावे हा तिचा आदर्श टिकला. ऑर्नेट कोलमनसारखा रूढी मोडणारा वादक १९५९ मध्ये तेथे विद्यार्थी म्हणून आला होता. संगीतशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९६७ मध्ये टँगलवुड येथे भरवलेल्या परिसंवादात सर्व काळांचे, शैलींचे व संस्कृतींचे संगीत, तरुणांचे लोकप्रिय संगीत धरून, अभ्यासक्रमात असावे असे घोषित करण्यात आले. १९७० च्या दशकात आर्ची शेप व मॅक्स रोच यांना मॅसॅचूसेट्स विद्यापीठाने, तर मेरी लू विल्यम्स यांना ड्यूक विद्यापीठाने (१९७७) पाचारण केले. रॉक व पॉप यांना मात्र बराच काळ तिष्ठावे लागले. लॉस अँजेल्स येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या थॉर्न्टन संगीत विद्यालयाने ‘जनसंगीत-वादन’ या नावाने स्वतंत्र पदवी सुरू केली ती २००९ मध्ये, म्हणजे डेंटनच्या पदवीनंतर तब्बल ६२ वर्षांनी.

यूरोप व ऑस्ट्रेलिया : स्वीडनमध्ये येतबॉर्य येथे १९७१ मध्ये संगीतशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा एक प्रायोगिक उपक्रम सुरू झाला, त्यात कलासंगीताबरोबर जॅझ, रॉक व लोकसंगीत यांना बरोबरीचे स्थान होते. तेथे शिकवणारे फिलिप टॅग यांनी दूरचित्रवाणीवरील ‘कोजॅक’ या मालिकेच्या केवळ ५० सेकंदांच्या शीर्षकसंगीतावर आपला प्रबंध लिहिला (१९७९). जनसंगीताच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८१ मध्ये स्थापन झाली. फिनलंडमध्ये हेल्सिंकी येथे पॉप व जॅझ यांचे विद्यालय १९७२ पासून आहे. जर्मनीत मानहाइम येथील पॉप-अकादमी २००३ ची. ब्रिटनमध्ये सॉल्फर्ड येथे १९९० मध्ये जनसंगीत व ध्वनिमुद्रण या विषयाची पदवी सुरू झाली. लिव्हरपूल येथील प्रयोगकलांची संस्था १९९६ मध्ये उघडली. जेथे पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन शिकले त्याच जुन्या शाळेच्या वास्तूत ती आहे आणि तिच्या संस्थापकांत मॅकार्टनी आहेत. ‘बीटल्स’ या चौकडीपैकी एकालाही स्वरलिपी वाचता येत नव्हती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या पदवीचा परामर्श पुढे घेतला आहे.

अभ्यासक्रम व त्याची कार्यपद्धती : अभ्यासक्रम बहुधा तीन वा चार वर्षांचा असतो. प्रवेशासाठी प्रत्यक्ष गाऊन-वाजवून दाखवावे लागते. निवडलेल्या वाद्याची वा गायनाची वैयक्तिक शिकवणी, चार ते आठ जणांच्या बँडमधील नियमित तालीम, कर्णशिक्षण, हार्मनी, संगीत-संयोजन, गीतरचना, ध्वनिमुद्रणतंत्र आणि स्वामित्वहक्क, करारपत्रे, मानधन इ. व्यवहारज्ञान असे त्याचे घटक असतात. अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याने स्वतःचा कार्यक्रम सादर करावयाचा असतो. हिपहॉपच्या प्रभावामुळे तबकडी फिरवून ध्वनी निर्माण करण्याचे कसबही एकविसाव्या शतकात काही ठिकाणी रीतसर शिकवले जाऊ लागले.

या शिक्षणाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ब्लूझ या गीतप्रकाराचा रूढ साचा १२ खंडांचा असून प्रत्येक खंडात चार मात्रा असतात. म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन झाले. या आवर्तनात सुरांऐवजी कॉर्ड, म्हणजे एकसमयावच्छेदेकरून वाजणारे तीन वा अधिक स्वरांचे समूह, ठरावीक क्रमाने येतात. नॅशव्हिल येथील वादकांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ केलेल्या अंकपद्धतीत हा क्रम १ १ १ १, ४ ४ १ १, ५ ४ १ १ असा लिहितात. येथे १ म्हणजे षड्जावर, ४ म्हणजे मध्यमावर आणि ५ म्हणजे पंचमावर उभारलेली कॉर्ड. गायकाने पट्टी बदलली तरी अंक बदलत नाहीत. सा कोठेही धरण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला यातील सोय सांगावयास नको. पाश्चात्त्य स्वरलिपीत मात्र पट्टी बदलली की सारे पुन्हा लिहावे लागते. विद्यार्थी प्रथम हा साचा हाडीमाशी मुरवतो, मग एखाद्या थोर वादकाने त्यावर केलेली उपज ध्वनिमुद्रिकेवरून कानाने टिपतो, ती कागदावर उतरवतो, जशीच्या तशी वाजवतो आणि अखेरीस तिच्यापासून दूर सरून स्वतःची उपज करू लागतो. तालाच्या आवर्तनात समेवर येण्याची जबाबदारी सांभाळून तान घेणाऱ्याची जी अवस्था, तीच येथेही असते. हे टिपण काढण्याचे काम कष्टाचे आहे. परंतु जुन्या कर्णाधारित रीतीचा गाभा विद्यापीठात कोठे टिकला असेल तर तो येथेच. मुद्रित टिपणे आता विकत मिळतात. ती आयती घेऊन वाजवणाऱ्याला स्वर मिळतात, पण कान तयार होत नाही.

सोबतीच्या वादकांवाचून घरी सराव करता यावा, म्हणून जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून केवळ साथसंगत मुद्रित केलेल्या तबकड्यांची माला काढली. ती अतिशय उपयुक्त ठरली. मात्र तबकडीवरील साथीदार विद्यार्थ्याचे ऐकत नाहीत. तो पुढे धावला तर ते सावरून घेत नाहीत आणि त्याने काही सुंदर केले तर दादही देत नाहीत.

लेखनाच्या मर्यादा : महाविद्यालयात आल्यावर कर्णगत विद्या कागदावर उतरणे ओघानेच आले. बॉस्टनमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यास बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी शेकडो जॅझ रचनांचे सुर व कॉर्ड हातांनी लिहून ‘द रिअल बुक’ नावाचा संग्रह तयार केला. स्वामित्वहक्काची परवानगी नसल्यामुळे तो दुकानात उघडपणे नव्हे, तर हातोहात विकला जाई. त्याची कायदेशीर आवृत्ती निघावयास २००४ साल उजाडले. दरम्यान तो जगभरच्या विद्यार्थ्यांचे बाडच बनला आणि त्यातील चुकाही प्रमाण ठरल्या. मूळ मुद्रिकेत निराळी असलेली कॉर्ड बाडातल्याप्रमाणे वाजवणारे वादक सर्वत्र भेटू लागले. मौखिक परंपरेत पाठभेद असतात. लेखी परंपरेत त्यांपैकी एक उगाचच शुद्ध ठरतो.

जे लिहिता येत नाही त्याची अडचण याहून मोठी. जॅझमधील ‘स्विंग’ या झुलत्या लयीत मात्रेचे दोन भाग असमान असतात. मोजमाप केल्यावर असे आढळले आहे की, संथ लयीत पहिला भाग दुसऱ्याच्या तिपटीहूनही लांब असू शकतो, तर अतिद्रुत लयीत दोन्ही जवळजवळ सारखे होतात. स्वरलिपीत मात्र ते सर्वत्र एकाच चिन्हाने लिहिले जातात. ढोलवादकाने आघात केसभर मागे ठेवणे, बासवादकाने केसभर पुढे राहणे, या सूक्ष्म विसंगतींमुळेच ठेक्याला गोडी येते असे प्रतिपादन चार्ल्स काइल यांनी १९८७ मध्ये केले. गायकाच्या आवाजातील घोगरेपण, विद्युत् गिटारचा फाटका नाद, ध्वनिग्राहकाच्या अगदी निकट केलेली कुजबुज यांनाही चिन्हे नाहीत आणि जनसंगीतात श्रोता प्रथम ओळखतो ते नेमके हेच. गाण्याची चाल विसरलेला माणूसही गायकाचा आवाज ओळखतो.

परीक्षेचा प्रश्न : विद्यापीठात जे शिकवले जाते त्याची परीक्षा घ्यावी लागते आणि परीक्षेसाठी गुण द्यावे लागतात. स्वरसप्तके, कॉर्डचे प्रकार, प्रथमदर्शनी वाचन यांना गुण देणे सोपे. ‘स्वतःचा आवाज’ या गोष्टीला किती गुण द्यावेत हे कोणी सांगावे? परिणामी कोणत्या कॉर्डवर कोणते सप्तक चालते याच्या कोष्टकांना अभ्यासक्रमात अवाजवी महत्त्व आले. महाविद्यालयांतून बाहेर पडलेले जॅझ वादक तयारीचे असतात, पण एकमेकांसारखे वाजतात, ही तक्रार समीक्षकांनी वारंवार केली आहे. ती सर्वस्वी खरी नाही. मोठ्या वादकाची नक्कल करणारे शंभर जण महाविद्यालये निघण्यापूर्वीही होते. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते तक्रारीत तथ्यांश आहे आणि दोष शिक्षकांचा नसून परीक्षापद्धतीचा आहे. परीक्षा एकेकट्या विद्यार्थ्याची घेतली जाते, संगीत मात्र बँडने मिळून केलेले असते. चौघांनी रचलेल्या गाण्यात कोणाचा वाटा किती, हे पुष्कळदा त्या चौघांनाही सांगता येत नाही.

या कोंडीतून वाट काढण्याचा लक्षणीय प्रयत्न ग्रिफिथ विद्यापीठाच्या क्वीन्सलंड संगीत विद्यालयात झाला. गोल्ड कोस्ट येथील त्याच्या अभ्यासक्रमात डॉन लेब्लर व सहकाऱ्यांनी वाद्याची वैयक्तिक शिकवणीच मध्यवर्ती ठेवली नाही. विद्यार्थ्यांनी आपापले बँड जमवावेत, स्वतःची गाणी रचून मुद्रित करावीत आणि ती वर्गापुढे ऐकवावीत, अशी योजना होती. सहाध्यायी ती ऐकून लेखी अभिप्राय देत. गुणदानातही शिक्षकांच्या जोडीने विद्यार्थ्यांचा वाटा असे आणि प्रत्येकास आपल्या कामाचे स्वतः मूल्यमापन करावे लागे. गॅरेजमध्ये मित्रांच्या टीकेवर शिकणाऱ्या वादकाची जुनी रीत येथे विद्यापीठाच्या नियमांत बसवली होती. टीका करण्याकरिता बारकाईने ऐकावे लागते, हा तिचा मोठा लाभ. सर्वत्र ती चालेलच असे नाही. ज्याचा हातच अद्याप बसलेला नाही अशा विद्यार्थ्याला बरोबरीच्यांच्या अभिप्रायापेक्षा जाणत्याने मनगट धरून दाखवलेली एक युक्ती अधिक उपकारक ठरते.

प्रवेश व उपजीविका : ब्लूझ, जॅझ, सोल, हिपहॉप हे प्रकार गरीब वस्त्यांतून, प्रार्थनामंदिरांतून व नाचघरांतून वर आले. त्यांची पदवी देणाऱ्या खाजगी अमेरिकी महाविद्यालयांचे शुल्क मात्र त्या वस्त्यांतील कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे असते. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या सर्वांना पुरत नाहीत. स्त्रियांचा प्रश्नही असाच. गायनवर्गात त्या पुष्कळ असत, वाद्यवर्गांत व ध्वनिमुद्रणकक्षात विरळा. बर्कलीमध्ये २०१८ मध्ये ढोलवादक टेरी लिन कॅरिंग्टन यांनी जॅझमधील स्त्री-पुरुष न्यायासाठी स्वतंत्र संस्था उभारली, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य कळून येते. पदवीधरांपैकी फारच थोडे केवळ मंचावरील मिळकतीवर जगतात. शिकवण्या, ध्वनिमुद्रणातील साथ, जाहिरातींचे संगीत, संयोजन यांची जोड द्यावी लागते. म्हणूनच वाचन व संयोजन या विषयांना कमी लेखणे योग्य नाही. ख्याती कानाने मिळत असली, तरी महिन्याचे भाडे पुष्कळांचे वाचनाने निघते.

भारतातील अनुभव : कर्णगत विद्या संस्थेत आणण्याचा प्रश्न भारताला नवा नाही. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले आणि विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा स्वरलिपी, सामूहिक वर्ग व परीक्षा यांविषयी घराण्यांतून जे आक्षेप घेतले गेले, तेच पुढे डेंटन व बॉस्टन येथे निराळ्या शब्दांत ऐकू आले. संगीत विद्यालयांतून तानसेन निघत नाहीत, कानसेन निघतात, असे आपल्याकडे म्हटले जाते. जाणता श्रोतृवर्ग व शिक्षक तयार होणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण वादक घडवण्याचा दावा करणाऱ्या पदवीला तेवढ्यावर समाधान मानता येत नाही.

जनसंगीताच्या बाबतीत गोव्याचे उदाहरण उद्बोधक आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरवाचन व व्हायोलिन शिकवले जाई. ही मुले पुढे मुंबईत आली, हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये वाजवू लागली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या संयोजकांनी चाल ऐकून वृंदासाठी लेखी रचना करून दिल्या. धार्मिक संगीतासाठी दिलेले वाचनाचे शिक्षण जनसंगीताच्या कामी आले, ते या वादकांना जोडीला कान होता म्हणून. चित्रपटसंगीताची ही विद्या मात्र कोणत्याही विद्यापीठाने त्या काळी शिकवली नाही. ध्वनिमुद्रणकक्षात साथीला बसून ती मिळवावी लागे. अलीकडे खाजगी संस्थांनी हे क्षेत्र काही प्रमाणात व्यापले आहे. ए. आर्. रहमान यांनी चेन्नई येथे २००८ मध्ये स्थापन केलेले संगीत विद्यालय त्यांपैकी प्रमुख.

महाराष्ट्रात लावणी व तमाशा हे प्रकार लोक व जन या दोन्ही कोटींच्या सीमेवर उभे आहेत. ते तिकीट लावून होतात, चित्रपटांतून व मुद्रिकांवरून पसरतात आणि तरी फडावरील तालमीतूनच शिकले जातात. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लावणी, पोवाडा, गोंधळ, भारूड इ. प्रयोगांचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. शिकवावे कोणी, हा प्रश्न येथे तीव्र होतो. विद्यापीठीय अध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवी व पात्रता परीक्षा लागते आणि जन्मभर फडावर ढोलकी वाजवलेल्या कलावंताकडे या दोन्ही नसतात. तो बहुधा तासिकेवर वा पाहुणा म्हणून बोलावला जातो, गुणपत्रिकेवर सही दुसऱ्याची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीनुसार आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव व नावलौकिक असलेल्या व्यक्तीस औपचारिक पात्रतेच्या अटीवाचून नेमता येते. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत करता येतात आणि त्यांची मुदत एकंदर चार वर्षांहून अधिक असू शकत नाही.